वाचकांची विचारणा : तारीख एक, घटना अनेक

'दिनविशेष' या विषयावर आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांतली शंका एकाच प्रकारची आहे : इतिहासातल्या दोन-तीन मोठ्या घटना एकाच तारखेला घडलेल्या दिसतात, तेव्हा त्यामागे काही असते की तो निव्वळ योगायोग असतो? प्रत्येक तारखेचे उत्तर निराळे असल्याने प्रश्न जसे आले तसे घेऊ.

प्रश्न : ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवराज्याभिषेक झाला आणि ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, असा मजकूर दरवर्षी मोबाइलवर फिरतो. या घटना खरोखर एकाच तारखेच्या आहेत का? शिवाय गडावर तिथीने एक आणि तारखेने एक असे दोन सोहळे का होतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दोन्ही तारखा पुस्तकांत अशाच छापलेल्या असतात आणि त्यांतली एकही चुकीची नाही, मात्र त्या दोन वेगळ्या कालगणनांतल्या आहेत. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली जुन्या ज्युलियन कालगणनेत दुरुस्ती केली, तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर धरण्यात आला. पोर्तुगाल आणि स्पेन या कॅथलिक राष्ट्रांनी हा बदल लगेच स्वीकारला. प्रोटेस्टंट इंग्लंडला मात्र पोपचे म्हणणे पटायला पुढची १७० वर्षे लागली. त्यामुळे शिवकाळात सुरतेच्या आणि मुंबईच्या इंग्रजांच्या दप्तरात जुनी तारीख पडत होती, तर गोव्याच्या पोर्तुगीजांच्या आणि वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या कागदांत नवी. कोकणच्या एकाच किनाऱ्यावर, एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर असे. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. इतक्या उभ्या चढाच्या गडावर दोन लहान हत्ती आणले तरी कसे, याचे त्याला नवल वाटले आणि ते त्याने टिपूनही ठेवले. त्याच्या दप्तराची तारीख अर्थातच जुनी. आपण ६ जून म्हणतो ती हीच. आजच्या कालगणनेने तो दिवस १६ जून १६७४ होतो.

मराठी साधनांत इंग्रजी तारीख नसतेच. जेधे शकावलीतल्या नोंदीप्रमाणे शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवारी, तीन घटिका रात्र उरली असता शिवाजीराजे सिंहासनावर बसले. ही नोंद नीट वाचण्यासारखी आहे. एक घटिका २४ मिनिटांची, म्हणजे हा क्षण सूर्योदयापूर्वी सुमारे सव्वा तासाचा. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून नोंदीत शुक्रवार आहे. युरोपीय पद्धतीत तो मध्यरात्री बदलतो, म्हणून इंग्रजी तारखेशी शनिवार जुळतो. तिथीचेही तसेच आहे. शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून नोंद द्वादशीची, पण दिवसाच २१ घटिकांनंतर त्रयोदशी लागली होती आणि सिंहासनारोहण प्रत्यक्षात त्रयोदशीवर झाले. राज्याभिषेक शकाचा आरंभ ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला धरतात तो यामुळेच. ही तिथी चंद्रावर चालत असल्याने मेच्या अखेरीपासून जूनच्या अखेरीपर्यंत केव्हाही येते आणि तारखेचा सोहळा ६ जूनला ठरलेला असतो, म्हणून सोहळे दोन. दोहोंपैकी खरा कोणता, हा वाद आमच्या मते व्यर्थ आहे. परंतु मूळ साधनाशी जवळीक कोणाची असे विचाराल तर ती तिथीची आहे, हे सांगायला हवे.

आता नॉर्मंडी. ती मोहीम ५ जूनला व्हायची होती. इंग्लिश खाडीत वादळी हवा असल्यामुळे जनरल आयझेनहॉवर यांनी ती एक दिवस पुढे ढकलली आणि ६ जूनला सुमारे १,५६,००० सैनिक फ्रान्सच्या भूमीवर उतरले. वारा एक दिवस आधी पडला असता तर हा मजकूर कोणाच्या मोबाइलवर आलाच नसता.

प्रश्न : पानिपतची लढाई मकरसंक्रांतीच्या दिवशीच झाली आणि म्हणूनच 'संक्रांत कोसळली' असे म्हणतात, हे खरे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. यात वाद नाही. त्या वर्षी संक्रांत मात्र १४ जानेवारीला नव्हती. सूर्याचा मकर राशीतला प्रवेश आपण नक्षत्रांच्या हिशेबाने मोजतो आणि इंग्रजी वर्ष ऋतूंच्या हिशेबाने चालते. या दोन वर्षमानांत थोडा फरक असल्याने संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली संक्रांतीच्या दिवशी झाला आणि ती तारीख १२ जानेवारी होती, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेल्यास संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. सदाशिवरावभाऊंचे उपाशी सैन्य अब्दालीवर चालून गेले तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते.

हा गैरसमज कसा झाला असावा, हे उघड आहे. आपल्या पिढ्यांनी संक्रांत १४ तारखेलाच पाहिली, पानिपतचीही १४ तारीख शाळेत पाठ केली आणि संकटाला 'संक्रांत' म्हणण्याची रीत भाषेत होतीच. तीन गोष्टी आपसूक एकमेकींना चिकटल्या. अलीकडे काही वर्षी संक्रांत १५ जानेवारीला येऊ लागली आहे. पुढे ती त्याच तारखेवर स्थिरावली की हा समज बहुधा आपोआप मावळेल.

प्रश्न : मी जर्मन शिकतो. आमच्या वर्गात ९ नोव्हेंबर हा जर्मनीचा 'नियतीचा दिवस' असल्याचे सांगितले गेले. एका देशाच्या इतक्या घटना एकाच तारखेवर याव्यात, हा योगायोग कसा? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या तारखेवर योगायोग आहे तो थोडा, बाकीच्या घटनांत एकीने दुसरीला ओढून आणले आहे. म्हणूनच ही तारीख इतर सर्व दिनविशेषांहून अधिक अभ्यासण्यासारखी वाटते.

९ नोव्हेंबर १९१८ रोजी पहिले महायुद्ध हरत आलेल्या जर्मनीत कैसर दुसरे विल्हेल्म यांचा पदत्याग जाहीर झाला. समाजवादी लोकशाहीवादी पक्षाचे फिलिप शायडेमान यांनी राइश्टाग या संसदभवनाच्या खिडकीतून प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि त्यानंतर दोनेक तासांनी कार्ल लिबक्नेश्ट यांनी बर्लिनच्या राजवाड्यावरून आपल्या वेगळ्या, समाजवादी प्रजासत्ताकाची. एका दुपारी एका शहरात दोन प्रजासत्ताके जन्मली. युद्धातली हार ज्यांना पचली नाही, त्या उजव्या गटांनी पुढे या घटनेला विश्वासघात ठरवले आणि तो करणाऱ्यांना 'नोव्हेंबरचे गुन्हेगार' म्हणायला सुरुवात केली.

अडॉल्फ हिटलरने म्युनिकमध्ये केलेला उठाव याच रागावर पोसलेला होता. ८ नोव्हेंबर १९२३ च्या संध्याकाळी बव्हेरियाचे सत्ताधारी गुस्टाव फॉन कार यांची सभा ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअरच्या सभागृहात चालू असताना हिटलरने ती ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, त्याचा मोर्चा फेल्डहेर्नहाल या स्मारकवास्तूपाशी पोलिसांनी गोळीबार करून मोडला. त्यात त्याचे सोळा साथीदार आणि चार पोलीस ठार झाले. सभा कोणत्या संध्याकाळी होती यावर उठावाची वेळ ठरली, म्हणजे इथपर्यंत तारीख जुळण्यात दैवाचा हात आहे. पुढे मात्र नाही. सत्तेवर आल्यावर नाझींनी ते सोळा जण हुतात्मे ठरवले आणि दरवर्षी ८-९ नोव्हेंबरला म्युनिकमध्ये जुन्या कार्यकर्त्यांचा मेळावा भरवायला सुरुवात केली.

१९३८ साली हाच मेळावा चालू होता. पॅरिसमध्ये ७ नोव्हेंबरला हेर्शेल ग्रुन्श्पान या सतरा वर्षांच्या ज्यू मुलाने एर्न्स्ट फॉम राट या जर्मन मुत्सद्द्यावर गोळ्या झाडल्या होत्या. ९ तारखेला तो मरण पावला आणि ती बातमी म्युनिकच्या जुन्या नगरभवनातल्या जेवणाच्या पंगतीत पोहोचली. देशभरातले पक्षनेते एकाच छताखाली जमलेले होते. प्रचारमंत्री गोबेल्सने तिथेच चिथावणीचे भाषण केले आणि पुढाऱ्यांनी टेलिफोनवरून आपापल्या जिल्ह्यांना हुकूम सोडले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी जर्मनीभर सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, ज्यूंची हजारो दुकाने फोडली गेली आणि सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत धाडण्यात आले. सूड उगवायला नाझींना निमित्ताची वाण नव्हती. परंतु अख्खी यंत्रणा एका रात्रीत हलवता आली, ती स्मरणदिनाने माणसे एकत्र आणून ठेवली होती म्हणून. या ठिकाणी वर्धापनदिन हा घटनेच्या कारणांपैकी एक आहे.

हिटलर ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी येतोच, हे त्याच्या शत्रूंनीही हेरले होते. गेओर्ग एल्सर नावाच्या सुताराने रात्री लपून राहून, भाषणाच्या जागेमागचा खांब आतून पोखरला आणि त्यात बाँब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ रोजी तो वेळेवर फुटला, पण हिटलर भाषण आवरते घेऊन तेरा मिनिटे आधी निघून गेला होता.

राहिले १९८९ साल, म्हणजे बर्लिनची भिंत पडली तो ९ नोव्हेंबर, आणि हा मात्र निखळ योगायोग आहे. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे ग्युंटर शाबोव्स्की पत्रकार परिषदेत परदेशप्रवासाचे नवे नियम वाचून दाखवत होते. नियम दुसऱ्या दिवसापासून, आणि रीतसर अर्ज घेऊन, लागू व्हायचे होते. शाबोव्स्कींना याची पूर्ण कल्पना नव्हती. अंमल केव्हापासून, असे पत्रकारांनी विचारताच कागद चाळत त्यांनी सांगितले, की आपल्या माहितीप्रमाणे लगेच, ताबडतोब. दूरचित्रवाणीवर हे ऐकून बर्लिनकर नाक्यांवर लोटले आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरचा नाका पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने वरून हुकूम आलेला नसतानाच उघडला. नियम ठरल्याप्रमाणे जाहीर झाले असते तर जर्मन पाठ्यपुस्तकांत आज १० नोव्हेंबर असता.

भिंत पडल्याचा आनंद आणि १९३८ ची लाज एकाच तारखेवर आल्याने ९ नोव्हेंबरला राष्ट्रीय सण करणे जर्मनांना प्रशस्त वाटले नाही. १९९० साली दोन्ही जर्मनींचे एकीकरण ३ ऑक्टोबरला झाले आणि सुट्टी त्याच दिवसाची आहे.

प्रश्न : आपल्या देशातही तारखा अशा मुद्दाम जुळवलेल्या आहेत का? दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर आणि दसरा असे दोन दिवस पाळले जातात, त्याचाही खुलासा करावा. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सर्वांत ठळक उदाहरण २६ जानेवारीचे. लाहोर काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केल्यावर १९३० च्या जानेवारीतला शेवटचा रविवार, म्हणजे २६ तारीख, स्वातंत्र्यदिन म्हणून देशभर पाळला गेला आणि पुढे दरवर्षी पाळला जाऊ लागला. स्वातंत्र्य प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये आले, तेव्हा ती जुनी तारीख मोकळीच राहिली. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाले. ते पूर्णपणे अमलात आणण्यासाठी दोन महिने थांबून २६ जानेवारीचा मुहूर्त धरला, तो या तारखेचा मान राखण्यासाठी.

१५ ऑगस्टची निवड लॉर्ड माउंटबॅटन यांची. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा वर्धापनदिन होता आणि आग्नेय आशियातले सरसेनापती म्हणून त्या विजयाशी त्यांचे नाते होते, हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. आपल्याकडच्या ज्योतिष्यांनी मात्र तो दिवस अशुभ ठरवला. संविधान सभा १४ ऑगस्टच्या रात्री ११ वाजता बसली आणि बाराच्या ठोक्याला सभासदांनी शपथ घेतली. रायगडाच्या नोंदीबद्दल वर जे सांगितले, ते इथेही लागू पडते : ब्रिटिश संसदेच्या कायद्याने त्या क्षणी १५ तारीख लागली होती, पंचांगाने सूर्योदयापर्यंत आदला दिवसच होता. अडचण मोठी चलाखीने सोडवली गेली, यात शंका नाही.

पुण्यातले उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा होत होता. प्लेगच्या काळातल्या जुलमामुळे लोकांच्या रोषाला पात्र झालेला रँड त्या रात्री गणेशखिंडीतल्या सरकारी बंगल्यावरच्या समारंभाहून परतत असताना चापेकर बंधूंनी त्याला गाठले. तो नेमक्या वेळी त्या रस्त्याने येणार हे समारंभामुळेच निश्चित झाले होते. साम्राज्याचा उत्सव आणि साम्राज्यावरचा वार एका तारखेवर आले, त्यात योगायोगाला जागा नाही.

दीक्षाभूमीबद्दल : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षेसाठी अशोक विजयादशमी निवडली, म्हणजे त्यांच्या योजनेत तिथीला अर्थ होता. १९५६ साली ती १४ ऑक्टोबरला आली. पुढच्या वर्षांत तिथी आणि तारीख साहजिकच वेगळ्या झाल्या. नागपूरला मोठा जनसमुदाय दसऱ्याला लोटतो. १४ ऑक्टोबरही श्रद्धेने पाळला जातो.

प्रश्न : अमेरिकेचे जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोन माजी अध्यक्ष एकाच दिवशी, तेही ४ जुलैला वारले. याला तरी दैवयोगच म्हणावे ना? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : म्हणण्यास हरकत नाही. ४ जुलै १८२६ हा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा बरोबर पन्नासावा वर्धापनदिन होता. जेफरसन दुपारी गेले आणि ॲडम्स संध्याकाळी. पाचच वर्षांनी, १८३१ साली, जेम्स मन्रो यांनाही ४ जुलैलाच मृत्यू आला. पहिल्या पाच अध्यक्षांपैकी तिघे! मात्र जेफरसन ८३ वर्षांचे आणि ॲडम्स ९० वर्षांचे, दोघेही अंथरुणाला खिळलेले आणि दोघांच्या मनात त्या दिवसाचे मोल मोठे. मरणासन्न माणूस एखाद्या दिवसापर्यंत जीव धरून राहतो, हे आपणही घराघरांत ऐकतो. ते पुराव्याने सिद्ध झाले आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

स्वातंत्र्याचा ठराव खरे तर २ जुलै १७७६ रोजी संमत झाला होता आणि पुढच्या पिढ्या तोच दिवस साजरा करतील असे ॲडम्स यांनी पत्नीला लिहिले होते. ४ तारखेला जाहीरनाम्याचा मसुदा मंजूर झाला, छापील प्रतींवर ती तारीख पडली आणि तीच टिकली.

प्रश्न : शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांटिस एकाच दिवशी निवर्तले म्हणून २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन, हे बरोबर आहे का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : तारीख एक, दिवस दोन. स्पेनमध्ये नवी कालगणना होती आणि इंग्लंडमध्ये जुनी, त्यामुळे शेक्सपिअर दहा दिवसांनी मागाहून गेला. त्यातही सर्व्हांटिस २२ तारखेला वारला आणि २३ तारखेला त्याचे दफन झाले.

प्रश्न : आमच्या वाचनालयात रोज दिनविशेषाचा फळा लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. जुन्या तारखा पडताळायच्या कशा? (एक वाचक, कराड)

उत्तर : शकाचे वर्ष चैत्रापासून चालते, म्हणून इसवी सन काढताना शकात ७८ मिळवावेत आणि पौषातच पण १ जानेवारीनंतर, तसेच माघ व फाल्गुनात ७९. इंग्रजांच्या कागदांबाबत आणखी एक सावधगिरी हवी : १७५२ पूर्वी त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्च या महिन्यांत ते एक वर्ष मागे असत आणि पुष्कळदा १६२९/३० असे दुहेरी साल लिहीत. १७५२ साली त्यांनी २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर धरला. त्यापुढच्या तारखांना फरक लावू नये. त्याआधी १७०० च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत दहा दिवसांचा आणि नंतर अकरा दिवसांचा फरक लागतो.

सर्वांत उपयोगी कसोटी वाराची आहे. तारखा कितीही गाळल्या गेल्या तरी वारांचा क्रम कधी तुटला नाही. ४ ऑक्टोबर १५८२ ला गुरुवार होता आणि दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, शुक्रवारच आला. शिवजन्माची जेधे शकावलीतली नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. आजची कालगणना मागे नेत गेल्यास १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार येतो आणि माणूस गोंधळतो. दहा दिवस पुढे, १ मार्चला पाहिले की शुक्रवार मिळतो, म्हणजे १९ फेब्रुवारी ही जुन्या कालगणनेतली तारीख आहे हे कळते. पानिपतच्या तारखेला हा खटाटोप करावा लागत नाही, कारण १७६१ पर्यंत इंग्रजही नव्या कालगणनेवर आले होते आणि १४ जानेवारीला बुधवार सरळ जुळतो. फळ्यावर जागा असेल तर तारखेशेजारी तिथी आणि वारही लिहीत जावा; वाचनालयात येणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलाला पडताळा स्वतः घेता येईल.